भगवानदादा

भगवानदादा (१ ऑगस्ट १९१३–४ फेब्रुवारी २००२). हिंदी चित्रपटांतील मराठी अभिनेते, दिग्दर्शक व निर्माते. पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. वडील गिरणी कामगार. मूकपटांतून पडद्यावर आलेल्या भगवानदादांनी कमी खर्चातले मारधाडपट काढून कामगार वस्त्यांतील प्रेक्षक जिंकला.

१९४२ मध्ये ते निर्माते झाले आणि पुढे चेंबूरला त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला. राज कपूर यांच्या आग्रहावरून त्यांनी सामाजिक विषयाकडे वळून *अलबेला* (१९५१) काढला. गीता बाली नायिका, सी. रामचंद्र यांचे संगीत आणि पडद्यावर स्वतः दादा: स्थूल देह, पण पाय जेमतेम उचलत, खांदे आणि हात लयीत हलवत केलेला सहज नाच. हीच शैली पुढे अमिताभ बच्चन यांनी उचलली.

यश अफाट होते. जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला, दारात सात मोटारी.

*झमेला* (१९५३) आणि *लाबेला* (१९६६) यांना मात्र ते यश लाभले नाही. निर्माता म्हणून तोटा थेट त्यांच्याच अंगावर आला. किशोर कुमार यांना घेऊन सुरू केलेला *हँसते रहना* अपुरा राहिला. बंगला आणि मोटारी विकल्या गेल्या, मुक्काम दादरच्या चाळीत आला. पोटासाठी मिळेल ती छोटी भूमिका त्यांनी केली. पडत्या काळात बहुतेकांनी पाठ फिरवली, तरी सी. रामचंद्र, ओमप्रकाश यांच्यासारखे मोजके मित्र चाळीत येत राहिले.

दादरच्या घरीच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील *एक अलबेला* हा मराठी चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला; त्यात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली.