ठरवायचं नाही, नुसतं बोलायचं

पंचायत विस्तार अधिकारी म्हणून माझी उभी नोकरी ग्रामसभांत गेली. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी तो आकडा. तेवढी डोकी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणून पहिली सभा मुळात तहकूब करण्यासाठीच बोलावली जायची. ठराव आदल्या रात्री लिहून तयार, सूचक आणि अनुमोदक ठरलेले, खाली ‘सर्वानुमते मंजूर’. मग शिपाई सह्यांचं रजिस्टर बगलेत मारून घरोघर निघायचा.

त्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात एक गोंड गाव खरोखरच सर्वांच्या सहमतीने निर्णय घेतं, एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलतं, हे ऐकल्यावर आम्ही अधिकारी मंडळी गालात हसलो होतो. मतदानही नाही? मग कामं व्हायची कधी?

ते गाव मेंढा. लेखा ग्रामपंचायतीतलं, शंभराच्या आतबाहेर घरांचं. त्याची गोष्ट इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांपासून धरावी लागते. 1980च्या दशकात या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, मेंढ्याचे देवाजी तोफाही होते. धरणं बारगळली. पण आपलं जंगल आपलं आहे म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तसाच राहिला. त्याच सुमारास चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावात येऊ लागले. संपूर्ण क्रांतीच्या चळवळीतून आलेला, विनोबा पचवलेला माणूस. ना योजना आणली, ना निधी. गावासोबत बसून समजून घ्यायचं आहे, एवढीच त्यांची मागणी होती.

यातून अभ्यास गट सुरू झाला. माझ्या मते मेंढ्याची खरी कमाई हीच. बाकी सगळं त्यावरचं व्याज. ज्याला विषयात रस असेल त्याने यावं, बाहेरचा जाणकारही चालेल, मोकळेपणाने बोलावं, उलटसुलट विचारावं. अट एकच : इथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तिथे बाहेरच्याचा शब्द चालणार नाही. वरवर पाहता हा वेळेचा अपव्यय. पण सभेत बसून केस पांढरे झालेल्या माणसाला यातली मेख कळते. ठराव समोर असला की माणूस आधी बाजू धरतो, मग कारणं शोधतो. आणि एकदा चारचौघांत बोलून बसला की मागे फिरत नाही. जिथे काही ठरणारच नाही, तिथे मत बदललं तरी नाक कापलं जात नाही.

दारूचा विषय असाच बराच काळ चघळला गेला. बायकांचा आग्रह होता, पुरुषांची कुरकुर. खरी अडचण देवाची होती : पूजेला मोहाची दारू लागते. दुसऱ्या गावी मोर्चा निघाला असता, मडकी फुटली असती, आणि महिन्याभरात भट्ट्या पुन्हा पेटल्या असत्या. इथे पूजेपुरती ठेवायची, बाकी बंद, इथवर सगळे मिळून आले. बाहेरून कोणी दंडुका आणला नव्हता, त्यामुळे बंदी पाळायचीही आपणच.

जंगलाच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मला जास्त अवघड वाटतं. बांबू कागद कारखान्याच्या ठेक्यात जात होता, वनखात्याचा जाच होता. तक्रारींचा पाढा वाचायला भरपूर वाव होता. पण चर्चा आपल्याही कुऱ्हाडीवर आली. आम्ही किती तोडतो, वणवा कोण लावतो, अतिक्रमण कोण करतो? आधी स्वतःला नियम घातले आणि मग खात्यासमोर उभे राहिले. घरच्या गरजा जंगलातूनच भागवू, त्यासाठी ना शुल्क देऊ ना लाच, हे त्या बळावर म्हणता आलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुढे गाजली. घोषणा आमच्याही भिंतींवर पुष्कळ होत्या म्हणा.

2006चा वनहक्क कायदा आला तेव्हा पुष्कळ गावांना अर्ज कसा करायचा इथपासून तयारी करावी लागली. मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. तरी बांबूची वाहतूक अडलीच. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं.

मग अभ्यास सहली सुरू झाल्या. सरपंचांच्या बस यायच्या, देवाजींसोबत फोटो, जेवण, परत. हे सगळीकडे जसंच्या तसं उतरेल असं मला वाटत नाही. घरं थोडी, समाज एक, भोवती जंगल. हजार उंबऱ्यांच्या, चार गटांच्या गावाला एवढी सवड कुठली? शिवाय बसमधल्या कोणाला निकाल न लागणाऱ्या बैठकांत बसायचं नव्हतं. प्रत्येकाला ठरावाचा नमुना हवा होता.

2013 मध्ये मेंढ्याने शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली. कायदा 1964चा. तो आमच्या कार्यालयाच्या कपाटातही असणार, पण माझ्याकडे त्याची प्रत मागायला कोणी आलं नव्हतं.