फियाटचे हेड आणि मुंबईचे बोअरिंगवाले

मुंबईच्या औद्योगिक इतिहासात गिरण्यांचे भोंगे, गोदीतील संप आणि कापूस बाजारातील उलाढाली यांची दखल विपुल घेतली गेली. परंतु मोटारीच्या इंजिनाचे हेड पुढ्यात घेऊन त्याचा तळ सपाट करणाऱ्या, व्हॉल्व्हच्या बैठका पुन्हा कापणाऱ्या आणि संध्याकाळपर्यंत ते मिस्त्रीच्या स्वाधीन करणाऱ्या गल्लीबोळांतील बोअरिंगवाल्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात फारशी आढळत नाही. काळ्यापिवळ्या टॅक्सीने या शहराची जी अहोरात्र सेवा केली, तिच्यात या मंडळींचा वाटा टॅक्सीवाल्याच्या खालोखाल होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, कुर्ल्यास कारखाना उभा राहिला, आणि पुढील दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारान्वये तेथे फियाट 1100 तयार होऊ लागली. हीच गाडी 1964 मध्ये ‘डिलाइट’, 1972 मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ अशी नावे पालटत गेली. अंतरंग मात्र बव्हंशी तेच राहिले. शिवडीला 1928 पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने, नुसते सुटे भाग आणून जोडणी करण्यास सरकारची अनुकूलता उरली नाही असे दिसताच, 1954 मध्ये आपला गाशा गुंडाळला होता. ज्या अमदानीत नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि परदेशी भागाकरिता आयात परवान्याच्या कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत, त्या अमदानीत बिघडलेला भाग टाकून देण्याची चैन कोणास परवडणार? हेड गेले तर ते दुरुस्तच करावयाचे, हा त्या काळाचा अलिखित कायदा होता आणि बोअरिंगवाल्यांचा धंदा त्याच कायद्यावर पोसला गेला.

या इंजिनाची रचना साधी. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर, म्हणजे एकूण 1089 घनसेंटीमीटर. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. या दोन धातूंच्या संसारातच सगळ्या कटकटीचे मूळ आहे. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मे महिन्याच्या दुपारी, रेडिएटर निम्मा बुजलेला असताना, गाडी सिग्नलपाशी खोळंबली की हेड पसरू पाहते, पण बोल्टांनी जखडलेले असल्याने त्याला पसरता येत नाही. मग ते मध्यावर कमान धरते आणि थंड झाल्यावरही ती कमान पूर्णपणे जात नाही. दोन सिलिंडरांमधील चिंचोळ्या पट्टीवर गॅस्केट जळते, पाणी ऑइलमध्ये मिसळून त्याला दुधाळ रंग येतो, आणि मिस्त्री डिपस्टिक पुसता पुसता सांगतो, “शेठ, हेड उतरवावं लागेल.” त्यातच रेडिएटरमध्ये विहिरीचे मचूळ पाणी भरण्याचा परिपाठ असेल, तर पाण्याच्या वाटांच्या कडा आतून खाल्ल्या जात, तेथे वेल्डिंगचा भर घालून मग तळ तासावा लागे.

अशा वेळी हेड कोणाकडे धाडावे, हा प्रश्न दिसतो त्याहून गंभीर होता, कारण एकदा तासून गेलेला धातू परत मिळत नाही. या इंजिनाच्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे 272 घनसेंटीमीटर. हेडचा तळ 1 मिलिमीटर खाली आणला तर ज्वलनकक्षातील जागा तीन-साडेतीन घनसेंटीमीटरपर्यंत घटते, दाब वाढतो, आणि त्या काळच्या हलक्या पेट्रोलवर चढणीला इंजिन ठोकू लागते. जाणता कारागीर आधी हेड धुऊन घेई, सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून फिलर गेजची पाती खाली सरकवून पाही, आणि जेवढ्यास तेवढेच तासी. उलट काही दुकानांत एकाच फेऱ्यात अर्धा मिलिमीटर उडवून आरशासारखा चकचकीत तळ मालकाला दाखविला जाई, आणि त्या चकाकीवर भाळणारे मालकही मुबलक होते. फियाटचे सुदैव एवढेच की तिचा कॅमशाफ्ट हेडवर नसून खाली ब्लॉकमध्ये आहे, म्हणून कमान धरलेले हेड नुसते खालून तासले तरी निभावून जाई; कॅमशाफ्ट डोक्यावर वागविणाऱ्या इंजिनांत हेड आधी सरळ केल्याखेरीज गत्यंतर नसते.

तरीही दुकानाची खरी परीक्षा व्हॉल्व्हपाशी होई. सीट कापण्याचे हत्यार ज्या दांड्यावर फिरते, तो दांडा व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये बसतो. तेव्हा झिजलेले गाइड तसेच ठेवून सीट कापली, तर ती सुबक दिसली तरी केंद्रापासून सरकलेली असते, आणि व्हॉल्व्ह एका बाजूने बसून दुसऱ्या बाजूने गळू लागतो. म्हणून ‘गाइड आधी, सीट मग’ हा क्रम पाळणारा कोण आणि गाइडचे पैसे वाचवून देतो अशी बतावणी करणारा कोण, याची शहानिशा करणे अगत्याचे होते. जुने मिस्त्री तयार हेड उलटे ठेवून ज्वलनकक्षांत रॉकेल ओतीत आणि चहा घेऊन येईपर्यंत पोर्टमध्ये ओल उतरते की काय ते पाहत. ओल दिसली तर हेड त्याच पावली परत जाई. छापील दरपत्रकापेक्षा या रॉकेलच्या चाचणीवर टॅक्सीवाल्यांचा इतबार अधिक होता, आणि माझ्या मते तो यथार्थ होता.

हे कसब या शहरात आकाशातून पडले नव्हते. गिरण्यांचे यांत्रिक विभाग, परळ-माटुंग्याची रेल्वेची वर्कशॉपे आणि 1887 मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था यांमुळे मुंबईत मायक्रोमीटर वाचणाऱ्या हातांची वाण कधी नव्हती. आणि 1941 मध्ये हरिहर येथे किर्लोस्करांनी लेथचा कारखाना काढल्यानंतर देशी यंत्राचाही पर्याय उपलब्ध झाला.

धंद्याचे निकष बदलले ते इंधनामुळे. पेट्रोलमधील शिसे जळताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये एक पातळ थर ठेवी आणि मऊ बैठकीची झीज रोखी. भारतात 2000 च्या प्रारंभी सर्वत्र बिनशिशाचे पेट्रोल आले. अॅम्बॅसडरच्या बिडाच्या हेडमध्ये बैठक अंगच्याच धातूत कापलेली असल्याने कठीण कडे बसविण्याकरिता नवी खाच कोरावी लागे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये कडे मुळातच निराळे असते, तेथे जुने काढून अधिक कठीण बसवावयाचे. पुढे न्यायालयाच्या आदेशांनी जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, आणि या कोरड्या इंधनाने बैठकांची कसोटी आणखी कडक केली. कडे किती घट्ट बसवावे हे ज्याला उमगले त्याच्याकडे रांग लागली. सैल बसविलेले कडे धावत्या इंजिनात निसटले की पिस्टनसकट सगळेच मातीमोल होई.

अखेरची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, रस्त्यावरून उतरली. आता फियाटचे हेड दुकानात येते ते हौशी मालकाचे, आणि बहुधा त्यापूर्वी तीन-चार हातांनी तासलेले. म्हणून समजूतदार मालक दुकान ठरविण्याआधी हेडची जाडी स्वतः मोजून कागदावर लिहून नेतो आणि परत घेताना पुन्हा मोजतो; दुकानदाराला हा अविश्वास वाटला, तर मालकाने दुसरे दुकान पाहावे.