दाद द्यायची जागा

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. आसपासच्या तालुक्यांतल्या गावोगावचे यात्रा कमिटीचे पंच तिथे जातात. यंदा वग कोणता, कलावंत किती, गाडीघोडा कसा, हे विचारतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन परततात. राहुटीत टाळ्या वाजत नाहीत, तिथे सौदा होतो. शिट्ट्या, हवेत उडणारे फेटे आणि 'वन्स मोअर' हे सगळं नंतर, यात्रेच्या रात्री. आमच्या अकोले तालुक्याशेजारच्या संगमनेरात कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांच्या नावाचा फड. त्यामुळे अकोल्याच्या माणसाला सौदा कुठे करायचा आणि दाद कुठे द्यायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात मात्र सौद्याच्या राहुटीतच फेटे उडू लागले. गेम बनवणाऱ्या कंपन्या वर्षातून एकदा मोठा पडदा लावून नवा माल दाखवतात आणि तो पाहणारे तिथल्या तिथे आरडाओरडा करून निकाल देतात, ही प्रथा तीसेक वर्षांची आहे. तिचा इतिहास कंपन्यांच्या घोषणांवरून लिहिला जातो. मला तो पाहणाऱ्यांच्या बाजूने सांगायचा आहे, कारण गेली कित्येक वर्षं मी अकोल्यात बसून तो त्याच बाजूने पाहिला. बसस्टँडजवळ माझं सायबर कॅफे होतं. आज त्याच गाळ्यात मी सातबारे काढून देतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतो.

सुरुवात 11 मे 1995 ची. लॉस एंजेलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये 'ई-थ्री' नावाचं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं. त्याआधी व्हिडिओ गेमवाल्यांना टीव्ही-रेडिओच्या प्रदर्शनात कुठेतरी कोपऱ्यात उभं राहावं लागे. ई-थ्री ही त्यांची स्वतःची राहुटी, आणि ती दुकानदार आणि पत्रकार यांच्यासाठीच होती. त्या पहिल्या वर्षी सेगाच्या टॉम कालिन्स्कींनी जाहीर केलं की सॅटर्न हे कन्सोल आजपासूनच काही दुकानांत 399 डॉलरला मिळेल. थोड्या वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, 'टू नाइन्टी नाइन' एवढंच बोलले आणि खाली उतरले. प्लेस्टेशन शंभर डॉलरने स्वस्त! सभागृहात टाळ्या उसळल्या. या परंपरेतली पहिली मोठी दाद एका किमतीला मिळाली आणि ती व्यापाऱ्यांनी दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं. खेळणारी पोरं अजून चित्रात नव्हती.

ती आली इंटरनेटमुळे. 2001 साली जपानमध्ये निन्टेन्डोने आपल्या 'झेल्डा' या लाडक्या मालिकेचा नवा भाग दाखवला, तोही कार्टूनसारख्या रंगरेषेत. ऐटदार, खराखुरा दिसणारा योद्धा हवा असलेले पाश्चात्त्य चाहते नाराज झाले आणि त्यांनी ती नाराजी जगभर पसरवली. तीन वर्षांनी, मे 2004 मध्ये, ई-थ्रीच्या मंचावर त्याच मालिकेचा वास्तववादी भाग दाखवला गेला आणि त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो हातात तलवार-ढाल घेऊन समोर आले, तेव्हा सभागृहातली मोठी माणसं उभी राहून ओरडत होती. ते चित्रीकरण मी पाहिलं 'डिजिट' मासिकासोबत येणाऱ्या तबकडीवर, मूळ कार्यक्रमानंतर कितीतरी दिवसांनी. पण त्या आवाजाने अंगावर काटा आला तो आलाच. पुढे मालिकेचे प्रमुख एइजी आओनुमा यांनी जाहीर भाषणात सांगितलं की अमेरिकेतला मंदावलेला खप आणि तिथली मागणी पाहूनच ही दिशा बदलली होती. म्हणजे 2004 ची ती गर्जना हे 2001 च्या नाराजीला मिळालेलं उत्तर होतं. आज बरेच जण कार्टूनचा तो भागच जास्त सुंदर मानतात. मीही मानतो. चाहत्यांचं म्हणणं दर वेळी बरोबर असतं असं नाही, पण ते ऐकलं जातं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

2006 च्या मे महिन्यात ई-थ्रीच्या कार्यक्रमात सोनीने प्लेस्टेशन 3 ची वरची किंमत 599 डॉलर सांगितली. 1995 साली ज्या कंपनीने एका आकड्यावर सभागृह जिंकलं होतं, तिनेच अकरा वर्षांनी एका आकड्यावर ते गमावलं. याच कार्यक्रमात प्राचीन जपानच्या इतिहासावर बेतलेला म्हणून सादर झालेल्या गेममध्ये अचानक एक महाकाय खेकडा अवतरला. यूट्यूब तेव्हा नुकतंच रांगायला लागलेलं. पोरांनी 599 आणि खेकडा यांचे तुकडे कापून, जोडून, त्यांना चाली लावून जगभर फिरवले. दाद आणि टर यांना तेव्हापासून सभागृहाची गरज उरली नाही.

आता 2013. या वर्षाबद्दल मी जरा सविस्तर बोलणार, कारण यात आपल्यासारख्या गावांचा प्रश्न थेट गुंतला होता. 21 मे रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन दाखवलं आणि बराच वेळ टीव्ही पाहण्याच्या सोयींवर घालवला. मग हळूहळू अटी बाहेर आल्या. हे यंत्र चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागेल, नाहीतर गेम चालणार नाहीत. वापरलेली डिस्क दुसऱ्याला द्यायची तर त्यावरही बंधनं. पावसाळ्यात एखादा खांब पडला की दोन-दोन दिवस लाइट नसलेली गावं आमच्या तालुक्यात होती. भंडारदऱ्याकडे वीज तयार होते आणि तिथल्याच वाड्या अंधारात राहतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आणि डिस्क तर आमच्याकडे एकाने घ्यायची, पाच जणांनी खेळायची आणि मग नाशिकला किंवा पुण्याला जाऊन बदलून आणायची, असाच रिवाज. अडीच-तीन हजारांची वस्तू एकट्याला परवडणार कशी?

11 जूनच्या सकाळी साडेसहाला, तिकडे 10 तारखेची संध्याकाळ होती, ई-थ्रीतला सोनीचा कार्यक्रम बघायला मी शटर अर्धं वर करून बसलो. संगमनेरच्या कॉलेजला जाणारी तीन-चार पोरं एसटीच्या आधी येऊन एका मॉनिटरभोवती उभी होती. व्हिडिओ दर मिनिटाला अडकायचा, मधला गोल फिरत राहायचा. सोनीचे जॅक ट्रेटन शांतपणे सांगत होते की प्लेस्टेशन 4 वर वापरलेल्या गेमवर कोणतंही नवं बंधन नसेल. नेमका तिथेच व्हिडिओ थांबला. पुन्हा सुरू झाला तेव्हा समोर फक्त आवाज होता. ट्रेटन बोलायचे थांबलेले, चेहऱ्यावर हसू आणि सभागृह ओरडतच होतं. माझ्या मागे उभ्या असलेल्या पोराने खुर्चीच्या पाठीवर जोराने थाप मारली आणि म्हणाला, "आपलं ऐकलं रे!" त्याच्याकडे कन्सोल नव्हतं. मित्राच्या घरी जाऊन तो खेळायचा, त्याच बदलून आणलेल्या डिस्क.

सोनीने त्याच सुमारास एक वीसेक सेकंदांचा व्हिडिओ टाकला: आपला गेम दुसऱ्याला कसा द्यावा? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी देतो, तो आभार मानतो, संपलं. तिकडे मायक्रोसॉफ्टचे डॉन मॅट्रिक एका मुलाखतीत म्हणाले की ज्यांना इंटरनेट मिळत नाही त्यांच्यासाठी जुनं एक्सबॉक्स 360 आहेच. या वाक्याचा राग मला आजही येतो. ज्यांच्या वाट्याला आधीच कमी आलंय त्यांना जुन्यावर भागवा म्हणणं हे कोणत्याही धंद्यात शोभत नाही. पण 19 जूनला, म्हणजे सोनीच्या त्या कार्यक्रमानंतर नऊ दिवसांत, मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला एवढ्या लवकर माघार घ्यायला लावली ती पाहणाऱ्यांच्या आवाजाने. प्लेस्टेशन 4 भारतात आलं तेव्हा किंमत होती 39,990 रुपये. तिकडे त्याच्या 399 डॉलर किमतीला वाजलेल्या टाळ्यांमध्ये आमचा हिशेब कुणी धरला नव्हता, हेही लिहून ठेवायला हवं.

पुढच्या काही वर्षांत दाद हाच स्वतंत्र कार्यक्रम झाला. ट्रेलर बघणाऱ्यांचे चेहरे टिपलेले व्हिडिओ लोक ट्रेलरइतकेच बघू लागले. न्यूयॉर्कच्या निन्टेन्डोच्या दुकानात घोळक्याने जमून ओरडणारी मंडळी तर जगभर ओळखीची झाली. 2015 च्या जूनमध्ये सोनीने एकाच रात्री बरीच वर्षं रखडलेला 'द लास्ट गार्डियन', 'फायनल फँटसी 7' ची नवी आवृत्ती आणि लोकवर्गणीतून करायचा 'शेनमू 3' असे तिन्ही जाहीर केले, तेव्हा माणसं रडताना दिसली. शेनमूला वर्गणीतून साठ लाख डॉलरहून अधिक मिळाले. 2019 मध्ये अभिनेता किआनू रीव्हजने मंचावर येऊन 'सायबरपंक 2077' ची ओळख करून दिली. प्रेक्षकांतून कुणीतरी त्यालाच कौतुकाचा शब्द ओरडून फेकला आणि त्याने तो हसत परत केला. पुढच्या वर्षी 10 डिसेंबरला तो गेम इतका सदोष आला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. ट्रेलरवर दिलेली दाद ही उधारी असते. रोख काय ते माल हातात आल्यावर कळतं.

2018 च्या नोव्हेंबरमधला एक प्रसंग मात्र मी वेगळ्या नजरेने पाहतो. ब्लिझार्ड कंपनीच्या वार्षिक मेळ्यात 'डायब्लो' या कॉम्प्युटरवर वाढलेल्या मालिकेचा मोबाइलवरचा भाग जाहीर झाला. तिकीट काढून आलेले चाहते नाराज झाले. प्रश्नोत्तरात एकाने उठून विचारलं की ही अवेळी केलेली एप्रिल फूलची थट्टा आहे का. मंचावरच्या डिझायनरने गोंधळून विचारलं, तुमच्याकडे फोन नाहीत का? त्या प्रश्नाची जगभर टिंगल झाली. त्याच दिवसांत अकोल्यातली पोरं संध्याकाळी पारावर, अगस्ती आश्रमाच्या वाटेवर, प्रवरेच्या पुलाजवळ फोनवर पब्जी खेळत होती. जिओ येऊन दोन वर्षं झाली होती, माझं कॅफे ओस पडलं होतं आणि एका संपूर्ण पिढीसाठी गेम म्हणजे फोन, दुसरं काही नाही. त्या सभागृहाचा संताप खरा होता, पण तो महागडा कॉम्प्युटर घरी असलेल्यांचा होता. आमचं मत विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. मोबाइल गेमला कमी लेखण्याची ती सवय तिथल्या चाहत्यांत आजही आहे आणि ती मला पटत नाही.

म्हणूनच ई-थ्री बुडाल्याचं दुःख मला फार झालं नाही. निन्टेन्डोने 2011 च्या ऑक्टोबरमध्ये 'डायरेक्ट' सुरू केलं. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता कॅमेऱ्याकडे बघून थेट पाहणाऱ्यांशी बोलायचे. 2013 पासून कंपनीने ई-थ्रीचा मोठा मंचीय कार्यक्रम सोडला. 2017 मध्ये ई-थ्रीने सामान्य लोकांसाठी पंधरा हजार तिकिटं काढली, पण तोवर वारं फिरलं होतं. 2020 चं प्रदर्शन कोरोनाने रद्द झालं, 2021 चं ऑनलाइन झालं, पुढची दोन झालीच नाहीत आणि 12 डिसेंबर 2023 रोजी ई-थ्री कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. जाणकार म्हणतात, सभागृह गेलं आणि खरी दाद गेली. कापून-जोडून आधी तयार केलेल्या व्हिडिओत कुणी हुर्यो करू शकत नाही, हे खरंच. पण त्या सभागृहात आम्ही होतो कधी? व्हिसा, विमान, निमंत्रण यातलं काहीही आमच्या आवाक्यात नव्हतं. सभागृह रिकामं झालं त्या दिवसापासून लॉस एंजेलिसचा पत्रकार आणि आमच्या तालुक्यातल्या राजूरचा बारावीतला पोरगा एकाच क्षणी एकच गोष्ट बघू लागले.

याचा पुरावा मला 18 ऑगस्ट 2020 ला मिळाला. पिठोरी अमावस्या, पोळा. साथीमुळे मिरवणूक नव्हती. आईने मातीच्या बैलजोडीची पूजा करून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवलेला. रात्री साडेनऊच्या सुमारास निन्टेन्डोचा 'इंडी वर्ल्ड' हा छोट्या स्टुडिओंच्या गेमचा कार्यक्रम सुरू झाला. लाइट गेलेली, मी ओट्यावर फोन घेऊन बसलो होतो. पडद्यावर एकदम राजवाड्यांच्या कमानी, झरोके आणि त्रिशूळ फिरवणारी एक मुलगी आली. 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा गेम! राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी पोर, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. या गेमसाठी वर्गणी जमवायचा प्रयत्न आधी फसला होता. आणि आता निन्टेन्डो सांगत होतं की तो आजच, स्विच कन्सोलवर सर्वांत आधी मिळणार.

मी ओरडलो. आई घाबरून बाहेर आली. तिला फोन दाखवला, म्हटलं, पुण्याच्या पोरांनी केलंय. तिने त्रिशूळवाली बघितली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "देवी हाय व्हय?" जगभर त्या रात्री राजीला मिळालेल्या दादेत ही एक माझ्या घरातली आहे.

स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलं जात नव्हतं. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना हा आपला गेम लगेच खेळता आला नाही. तो 15 ऑक्टोबरला कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. डिसेंबरमधल्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. नंतर तो नेटफ्लिक्समार्फत फोनवरही आला आणि तेव्हा कुठे आमच्याकडच्या पोरांपर्यंत पोचला.

यातले काही कार्यक्रम आता जूनमध्ये रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास लागतात आणि आमच्याकडची पोरं ते फोनवर बघतात. पण लिहितात इंग्रजीत, तेही तिकडच्या चाहत्यांचे ठरलेले चार शब्द. माझं त्यांना सांगणं आहे: आवडलं तर मराठीत लिहा, व्हिडिओ करा, आईला दाखवा. गेम महाग असेल, मराठीत नसेल, लाइट गेल्यावर चालणार नसेल, तर तेही मराठीतच आणि स्पष्ट लिहा. 2013 मध्ये नऊ दिवसांत कंपनी हलली होती. आपला आवाज त्यांच्या कानावर पडेल एवढा मोठा करणं आता आपल्याच हातात आहे.