रिकामी खुर्ची : गेस्टाल्ट उपचाराची जन्मकथा

मानसोपचार म्हटला कीं सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें व्हिएन्नाच्या फ्रॉइडचा कोच उभा राहतो. रुग्ण आडवा पडून बोलत आहे आणि वैद्य त्याच्या दृष्टीआड बसून अर्थ लावीत आहे, असें तें चित्र. हीच अपेक्षा घेऊन गेस्टाल्ट उपचाराकडे जाणारा पहिल्याच बैठकीस गोंधळतो. तेथें काय मिळेल व काय मिळणार नाहीं, हें त्या पद्धतीच्या जन्मकथेवरून चांगलें उमगतें.

गेस्टाल्ट या जर्मन शब्दाचा अर्थ पूर्ण आकृति. गाण्याची चाल म्हणजे कांहीं सुट्या सुरांची बेरीज नव्हे. मन सबंध आकृतीच ग्रहण करतें. या मानसशास्त्राचा पाया माक्स वेर्टहायमर यांनीं १९१२ सालीं घातला. पुढें १९२६ मध्यें बर्लिनचे डॉ. फ्रिट्झ पर्ल्स हे फ्रँकफुर्ट येथें कुर्ट गोल्डश्टाइन यांचे हाताखालीं, मेंदूस इजा झालेल्या सैनिकांवरील कामांत सामील झाले. त्यांची भावी पत्नी लॉराबाई तेथेंच गेस्टाल्ट मानसशास्त्र शिकत होत्या.

दोघेंही ज्यू. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता जातांच त्यांनीं हॉलंड गाठलें व तेथून दक्षिण आफ्रिका. १९३६ सालीं पर्ल्स मोठ्या आशेनें फ्रॉइडना भेटावयास आले. पण ती भेट दारांतच आटोपली. तो सल त्यांनीं जन्मभर बाळगला. १९४६ नंतर हें दांपत्य न्यूयॉर्कला स्थायिक झालें. हेफरलाइन व गुडमन यांच्यासह लिहिलेला पर्ल्स यांचा ग्रंथ १९५१ सालीं निघाला, आणि १९५२ मध्यें तेथें संस्था उभी राहिली.

येथें कोच गेला. वैद्य व रुग्ण समोरासमोर बसूं लागले. "असें कां झालें?" याहून "या क्षणीं काय होत आहे, कसें होत आहे?" हा प्रश्न मोठा ठरला. बोलतां बोलतां आवळलेली मूठ, अडलेला श्वास यांकडे रुग्णाचें लक्ष वेधलें जातें. कधीं समोर रिकामी खुर्ची ठेवून तींत दुरावलेला बाप बसला आहे असें मानावयाचें, त्याच्याशीं बोलावयाचें, मग स्वतः तींत बसून त्याच्या वतीनें उत्तर द्यावयाचें. ही युक्ति मोरेनो यांच्या नाट्योपचारांतून आली.

१९६० नंतरच्या दशकांत पर्ल्स कॅलिफोर्नियांत जमावापुढें असे प्रयोग करूं लागले. त्यामुळें डिवचणें, रडविणें म्हणजेच गेस्टाल्ट, असा समज पसरला. न्यूयॉर्कमध्यें मात्र लॉराबाई शांतपणें शिकवीत राहिल्या : माणसाला पेलेल तेवढेंच पुढें न्यावें आणि लागेल तेवढा आधार अवश्य द्यावा. पर्ल्स १९७० सालीं वारले, लॉराबाई १९९० सालीं.

उपचारास जाणारानें हे दोन्ही वारसे ध्यानांत ठेवावे. तेथें तयार उत्तर मिळत नाहीं, स्वतःकडे पाहण्याची संवय लागते. प्रयोग ही सूचना असते, आज्ञा नव्हे. "आज हें नको" म्हणण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. आणि तो न मानणाऱ्या वैद्याचें दार सोडण्याचाही.