हृदय निकामी होणे व नैराश्य

हृदय निकामी होणे म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला पुरेल इतके रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी होते. रुग्ण ‘पंपिंग कमी झालंय’ असे सांगतात. 2006 साली रटलेज व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा अशा रुग्णांपैकी 21.5 टक्क्यांना नैराश्य आढळले आणि त्यांच्यात मृत्यू व हृदयाच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे दुप्पट दिसला. मुळातच हृदय निकामी होण्याचा हा आजार जीवघेणा आहे. त्रिवेंद्रम येथील नोंदवहीत 2013 साली नोंदलेल्या 1,205 रुग्णांपैकी सुमारे 59 टक्के पाच वर्षांत दगावले.

नैराश्याने हा धोका वाढण्यात ताणाची संप्रेरके व शरीरातील दाह यांचा वाटा आहे. पण डोळ्यांना दिसणारे कारण रोजच्या वागण्यात असते. लोणी भापकरसारख्या बारामतीच्या जिरायती पट्ट्यातल्या गावातून एसटीने तालुक्याला जायचे, तर सकाळची लघवीची गोळी कोणीही चुकवील. हुरूप असलेला माणूस ती परतल्यावर घेतो, खचलेला घेतच नाही. वजन करणे सुटते. ताटात ठेचा-लोणचे चालूच राहते. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, म्हणजे अंगात पाणी साठू लागले, हे मग कोणाच्या ध्यानात येत नाही.

ओळखणे अवघड, कारण थकवा, झोप न लागणे आणि भूक मरणे ही दोन्ही आजारांची लक्षणे. त्यात घरचे ‘वय झालं, असंच व्हायचं’ म्हणून सोडून देतात. त्यामुळे ‘कशातच मन लागत नाही’ या तक्रारीला जास्त महत्त्व द्यावे. तिशीपुढच्यांसाठी आशा सेविका जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात नेमके याविषयीच दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, उदास किंवा हताश वाटले का. गुण 3 च्या वर गेले की रुग्णाला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. हे प्रश्न घाईत उरकले जाऊ नयेत, विशेषतः दम लागणाऱ्या रुग्णाच्या घरी.

औषधांनी मात्र निराशा केली. सर्ट्रालिन (469 रुग्ण, 2010) आणि एस्सिटालोप्राम (372 रुग्ण, 2016) यांच्या चाचण्यांत आयुष्य वाढले नाही. नैराश्यही औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा (प्लासिबो) जास्त उतरले नाही. सर्ट्रालिन या रुग्णांना सुरक्षित ठरले, एवढे पदरात पडले. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे हृदयाची लय बिघडवू शकतात, म्हणून टाळतात. समुपदेशनाचे बरे आहे: विचार-वर्तन उपचाराने 2015 च्या चाचणीत नैराश्य कमी झाले, पण पथ्यपाणी सुधारले नाही. देखरेखीखालील व्यायामानेही 2012 च्या विश्लेषणात उदासी थोडी हटली. जिथे गावातून मानसोपचारतज्ज्ञ गाठणे जड जाते, तिथे 2022 पासून चालू असलेली टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा (14416) मराठीतही उपलब्ध आहे.