रामदास बुडाली आणि मालक बदलला : ट्रामच्या रुळांवर पणजोबांचा शोध

आमच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईतील अखेरची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, ती पणजोबांनी चालवली. शाळेत असताना मीही ही गोष्ट मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगितली आहे. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासाला लागल्यावर ती कागदांवर तपासून पाहावी असे वाटले, आणि पहिल्याच आठवड्यात ती टिकेनाशी झाली. ती का टिकली नाही आणि तिच्या जागी काय हाती आले, ते या धाग्यात मांडते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईत ट्राम धावू लागली ९ मे १८७४ रोजी, आणि ती घोड्यांची. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग होते. ट्राम सुरू करणाऱ्यांच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असे सांगतात. १९०५ मध्ये लंडनला नोंदणी झालेल्या 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' कंपनीने हा कारभार घेतला. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी याच कंपनीने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सोडली आणि ट्रामला घरातच प्रतिस्पर्धी उभा राहिला. पुढे ७ ऑगस्ट १९४७ रोजी सारा कारभार महानगरपालिकेकडे गेला. नावातील आद्याक्षरे तीच राहिली. फक्त 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' आले.

ही सनावळी पाठ करण्यासाठी देत नाही. 'आमचे आजोबा ट्रामवर होते' हे वाक्य संशोधनाच्या दृष्टीने अपुरे आहे. घोड्यांच्या काळात, विलायती कंपनीच्या काळात की पालिकेच्या काळात? मालक बदलला की कागद ठेवणारा बदलतो, आणि शोधाची वाटही बदलते.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : ट्रामवर म्हणजे नेमके कुठे? उतारूंना दोन माणसे दिसत. पुढे उभा राहून पायाने घंटा वाजवणारा ड्रायव्हर आणि तिकिटे देणारा कंडक्टर. त्यामुळे घरोघरच्या आठवणींत प्रत्येक ट्रामवाला या दोघांपैकी एक होऊन बसतो. पण ट्राम चालत होती ती आणखी कितीतरी हातांवर. रूळ दुरुस्त करणारे, डोक्यावरच्या तारा सांभाळणारे, कारखान्यातले फिटर, रात्री गाड्या धुणारे. आणि जिथे मार्ग फुटत तिथे, भर रस्त्यात, लोखंडी सळईने रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले.

आता कागद. आजोबा ज्या शाळेत शिकले, तिथल्या जुन्या नोंदवहीत १९४२ साली त्यांचे नाव चढले आहे. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात मोडीची वळणे अजून न सुटलेल्या हाताने दोनच शब्द लिहिलेले आहेत : 'ट्राम, सांधेवाला'.

मी तो रकाना तीनदा वाचला. खरे सांगायचे तर वाईट वाटले. लहानपणापासून डोळ्यांपुढे असलेले चित्र, म्हणजे हात उंचावणारी गर्दी आणि तिच्यातून संथपणे गाडी काढणारे पणजोबा, दोन शब्दांनी पुसले गेले. दुसरा पुरावा घरातच होता. १९६१ मधील आजोबांच्या लग्नपत्रिकेत पणजोबांचा पत्ता 'मुक्काम पोस्ट' करून रत्नागिरी जिल्ह्यातील गावाचा छापलेला आहे. म्हणजे शेवटच्या ट्रामच्या तीन वर्षे आधीच ते नोकरी सोडून गावी गेले होते.

मग मी राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या त्या जुन्या इमारतीत, जाऊन बसले. अशा ठिकाणी प्रथम जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तिथे कामगार भेटतो तो संख्येच्या रूपात. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१ पासून 'लेबर गॅझेट' काढले. त्यात संप आहेत, मजुरीचे दर आहेत, धान्याचे भाव आहेत, कुटुंबाच्या खर्चाची कोष्टके आहेत. कामगाराचे घर कसे चालत असेल, हे त्यातून उत्तम कळते. कोणाचे घर, ते मात्र कळत नाही.

नाव मिळाले तरी ते ओळखू येईलच असे नाही. कोकणातून बोटीने आलेल्या माणसाचे नाव पुष्कळदा फक्त स्वतःचे आणि बापाचे असे. आडनाव नंतर कधीतरी, बहुधा मुलाला शाळेत घालताना, कायमचे चिकटले. तेव्हा आजच्या आडनावाने शोधाल तर फसाल. त्यातून इंग्रजी कारकून एकच नाव तीन तऱ्हांनी लिहितो. जन्मतारखेचे तर बोलायलाच नको. ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला गुरुजींनी १ जून देऊन टाकली. माझ्या घराण्यात १ जूनला जन्मलेले चौघे आहेत.

म्हणून शेवटी मी कागद बाजूला ठेवून आत्याआजीकडे गेले. आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. नव्वदी ओलांडली आहे, कान कमी झाले आहेत, पण लालबागच्या चाळीतले बिऱ्हाड तिला दारे-खिडक्यांसकट आठवते. तिला सन विचारून उपयोग नसतो. 'ते कधी झाले?' यावर तिचे उत्तर 'गोदीत धडाका झाला त्याच्या आधी' असे असते. म्हणजे १४ एप्रिल १९४४ पूर्वी. जुन्या माणसांचे कॅलेंडर असे असते आणि ते बऱ्याचदा अचूक असते, हे मला उशिरा कळले.

कसे कळले ते सांगते. तिने एक वाक्य म्हटले होते : "रामदास बुडाली, चाळीत रडारड झाली, आणि लगेच बाबांचा मालक बदलला." रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. गिरगाव-लालबागच्या चाळींत त्या दिवशी काय झाले असेल, ते वेगळे सांगायला नको. 'मालक बदलला' याचा अर्थ मी माझ्या शहाणपणाने लावला : इंग्रज गेले, पंधरा ऑगस्ट झाला. टिपणवहीत तसे लिहूनही टाकले. शेजारी कंसात 'वृद्ध स्मृती, दोन घटनांची सरमिसळ' असा शेरा मारला.

दोन महिन्यांनी कंपनीच्या हस्तांतराची तारीख पुन्हा डोळ्यांखालून गेली. ७ ऑगस्ट १९४७. रामदास बुडाल्यानंतर बरोबर तीन आठवडे, आणि स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. आत्याआजी देशाबद्दल बोलतच नव्हती. ती पगार देणाऱ्या मालकाबद्दल बोलत होती. सरमिसळ तिने केली नव्हती, मी केली होती. तो शेरा मी खोडला नाही, तसाच ठेवला आहे.

यानंतर धीर करून तिला शाळेच्या नोंदवहीबद्दल सांगितले. मला वाटले होते, तिला लागेल. ती म्हणाली, "मग? मी कधी म्हटलं ते गाडी चालवायचे म्हणून? पायधुणीच्या नाक्यावर उभे असायचे दिवसभर. उन्हाने मान काळी पडली होती. पावसात रुळात पाणी भरलं की सांधा दिसायचा नाही, हाताने चाचपायचे. ड्रायव्हरला निदान डोक्यावर छप्पर असतं."

"मग ड्रायव्हर कोणी केलं त्यांना?"

"तुझ्या आजोबाने. मुलगी बघायला गेलो होतो ना आम्ही. तिकडचे विचारू लागले, वडील काय करायचे. हा म्हणाला, ट्रामवर ड्रायव्हर होते. बाबा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत."

ती बघितलेली मुलगी म्हणजे माझी आजी. तिला खरे केव्हा कळले, की कधी कळलेच नाही, हे विचारायला आता ती नाही.

आणि शेवटची ट्राम? आत्याआजीच्या सांगण्यानुसार पणजोबा त्या आठवड्यात औषधपाण्यासाठी मुंबईत आले होते आणि हट्टाने बोरीबंदरला गेले होते. रात्री दहाच्या सुमारास ती गाडी सुटली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसेच माणसे होती. त्या गर्दीत ते आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. गाडी हलली तेव्हा सगळे ट्रामकडे पाहत होते, बाबा खाली रुळाकडे पाहत होते, असे आजोबांनी घरी येऊन सांगितले. पुढे कधीतरी, कोणाच्या तरी तोंडून, ते रस्त्यावरून उचलून गाडीत चढवले गेले.

आत्याआजीला पुढच्या रविवारी पुन्हा भेटणार आहे. यावेळी रेकॉर्डर चालू ठेवून. तिने बजावले आहे की येताना दादर टी.टी.वरून ये, आणि तिथल्या पोरांना टी.टी. म्हणजे काय ते विचार.