धुके, धूळ आणि चिनी माती

विजेचा इतिहास सांगताना आपण धरण, जनित्र आणि उद्घाटनाची तारीख यांच्यापाशी थांबतो. १९०२ मध्ये शिवनसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेली, १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत आली, एवढे आपल्याला ठाऊक असते. मधल्या मनोऱ्यांवर तारेला लोखंडापासून वेगळे ठेवणाऱ्या चिनी मातीच्या तबकड्यांची, म्हणजे इन्सुलेटरांची, दखल सहसा कोणी घेत नाही. त्या निकामी झाल्या म्हणजेच त्यांचे नाव निघते.

वस्तुतः त्यांच्यावर बसणाऱ्या मळाची चिंता पहिल्या पिढीच्या अभियंत्यांनाही होती. १८९१ मध्ये जर्मनीतील लाउफेनहून फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर वीज नेण्यात आली, तेव्हा खांबांवर तेल भरलेले चिनी मातीचे इन्सुलेटर बसविले होते. ओल्या पृष्ठभागावरून प्रवाह झिरपू लागला, तर तेलाच्या त्या वलयाने त्याची वाट अडवावी, ही कल्पना. पुढे तेल गेले आणि तबकड्यांना खालून खोल पन्हळी आल्या. हेतू एकच : प्रवाहाला पृष्ठभागावरून जावेच लागले तर वाट लांबची असावी.

कोरडी धूळ सहसा निरुपद्रवी असते आणि मुसळधार पाऊस तर तबकड्या धुऊनच काढतो. घात करतात ते दव, धुके आणि बारीक भुरभूर. धुळीतील क्षार त्यांनी विरघळतात, पण वाहून जात नाहीत. ओल्या थरातून प्रवाह झिरपतो, त्याच्या उष्णतेने काही पट्टे सुकतात, सगळा दाब त्या सुक्या पट्ट्यांवर येतो आणि तेथे ठिणग्या उडू लागतात. एखादी ठिणगी वाढत वाढत दुसऱ्या टोकाला पोचली की वाहिनी बंद पडते. ठिणगी आणि ओला थर यांना एकाच मंडलातील दोन घटक मानून ओबेनाउस या जर्मन संशोधकाने १९५८ मध्ये या घटनेचे गणित मांडले. ते आजही पायाभूत मानले जाते.

गणिताला आकडे हवेत. म्हणून तबकडीवरचा मळ शुद्ध पाण्यात उतरवून, त्या पाण्याची वाहकता मोजून, दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मिठाइतका तो ठरतो हे काढण्याची रीत पडली. १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रदूषणाच्या चार पायऱ्या केल्या आणि दर किलोव्होल्टला १६, २०, २५ व ३१ मिलिमीटर वाट सुचविली. प्रयोगशाळेत कृत्रिम मळासाठी मिठाबरोबर केओलिन वापरतात. म्हणजे तबकडी ज्या मातीची, तिच्यावरची घाणही त्याच मातीची!

पण निसर्ग चार पायऱ्या पाळत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा संपला की खारे वारे महिनोन्‌महिने थर चढवीत राहतात. ग्वाल्हेरकडील वाचकांना जानेवारीचे धुके वर्णन करून सांगायला नको. २०१० च्या जानेवारीत अशाच धुक्याने उत्तर भारतातील वाहिन्या पटापट बंद पाडल्या. त्यानंतर अनेक ठिकाणी पाणी झटकणाऱ्या सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर आले. या रबरातील तेलकट अंश वर झिरपून धुळीच्या थरालाही पाणी झटकायला लावतो. लाउफेनचे तेल असे वेगळ्या वाटेने परतले. २०१७ च्या फेब्रुवारीत इराणच्या खुजिस्तान प्रांतात धुळीच्या वादळांना दमट हवा मिळाली आणि अहवाझसारखे मोठे शहर अंधारात गेले.

इन्सुलेटर केव्हा धुवावेत, हा म्हणूनच खरा व्यावहारिक प्रश्न आहे. पूर्वी तो अनुभवी लाइनमनच्या कानावर सोपविलेला असे. रात्रीच्या दमट हवेत तबकड्यांची चरचर वाढली की तो ओळखत असे. १९९० च्या दशकापासून हे काम संगणकाच्या कृत्रिम मज्जाजालांना शिकविण्याचे प्रयत्न सुरू झाले. आर्द्रता, तापमान, वारा, समुद्राचे अंतर, शेवटच्या पावसानंतरचे दिवस आणि झिरपणारा प्रवाह यांच्या नोंदी पुरवायच्या आणि मळाचा थर किंवा ठिणगी पडण्याचा दाब यांचा अंदाज यंत्राने करायचा. ओबेनाउसच्या समीकरणात न मावणारे गुंतागुंतीचे संबंध ही जाळी टिपतात, हे मान्य करायला हवे.

तरी माझा आक्षेप उरतो तो नोंदींविषयी. प्रत्यक्ष वाहिनीवरचा अपघात विरळा. त्यामुळे यंत्राच्या शिकवणीत प्रयोगशाळेतील मीठ-केओलिनचाच भरणा फार. सिमेंट कारखान्याजवळची राख, खताचे कण, पक्ष्यांची विष्ठा यांचा स्वभाव निराळा असतो, आणि एका किनाऱ्यावर शिकलेले यंत्र दुसऱ्या मुलखात आत्मविश्वासाने चुकू शकते. लाइनमनचा कान त्याच्यासोबत निवृत्त होतो. त्याने काय ऐकले आणि कोणत्या रात्री ऐकले, हे वहीत उतरवून घेतले, तर यंत्रापुढे ठेवायला त्या मुलखाचे स्वतःचे काही तरी राहील.